गळा आणि थेरेमिन एकाच अवकाशात: ॲम्बियंट रचना घरी बांधण्याची रीत

आमचे पहिले ध्वनिमुद्रण आत्याने हेडफोन लावून ऐकले आणि दोन मिनिटांतच हेडफोन काढून टेबलावर ठेवले. “अरे, तुझं हे यंत्र माझ्या गळ्यावर बसतंय,” एवढेच ती म्हणाली. तिची शास्त्रीय गायनाची तालीम ३५ वर्षांची आणि माझे थेरेमिन, म्हणजे स्पर्श न करता हवेत हात हलवून वाजवायचे विजेवरचे वाद्य, जेमतेम दोन वर्षांचे, त्यामुळे दोष कोणाचा हे ठरवायला वेळ लागला नाही. दोष नेमका कशात आहे हे समजायला मात्र पुढचे सहा महिने गेले. वाद्य परके आहे, विजेवर चालणारे आहे, म्हणून ते गळ्यात मिसळत नाही, असे मी धरून चाललो होतो. अडचण बरोबर उलटी होती. थेरेमिनला पडदे नाहीत, पट्ट्या नाहीत. एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर जाताना मधली सगळी वाट त्याला चालावीच लागते, म्हणजे मींड हा त्याचा अलंकार नसून स्वभाव आहे. आणि त्याचा सर्वांत गोड पल्ला नेमका स्त्रीच्या मध्य सप्तकावर येतो. इतके सारखे दोन आवाज एकाच जागी, एकाच वेळी ठेवले की ते एकमेकांना झाकतात.

हा प्रश्न आपल्याकडे नवा नाही. सारंगीसुद्धा गळ्यासारखीच घसरते, कंप पावते आणि श्वास घेतल्यासारखी थांबते. तरी चांगला सारंगिया गायकाच्या अंगावर येत नाही, कारण कधी मागे राहायचे, कधी नुसता षड्ज धरायचा आणि गायकाने श्वास घेतला की कोणती जागा भरायची, याची शिस्त त्याच्या हातात मुरलेली असते. पुढे दिलेली रीत त्याच शिस्तीवर उभी आहे. ॲम्बियंट संगीतात ताल नसतो किंवा अगदी पुसट असतो, रचना आलापासारखी पसरत जाते, त्यामुळे साथसंगतीचे हे नियम तिथे फारसे न बदलता लागू पडतात.

वाद्याबद्दल कामापुरते

लेव्ह तेरमेन या रशियन शास्त्रज्ञाने १९२०च्या सुमारास पेत्रोग्राड येथे वायूंचे विद्युत गुणधर्म मोजण्याच्या उपकरणावर काम करताना हे वाद्य शोधले, १९२२ मध्ये लेनिनला ते वाजवून दाखवले आणि १९२८ मध्ये त्याचे अमेरिकन पेटंट मिळवले. आत दोन आंदोलक (विजेची कंपने निर्माण करणारी मंडले) असतात आणि दोघेही कानाच्या पलीकडच्या वारंवारतेवर चालतात. एक स्थिर असतो. दुसऱ्याची वारंवारता उभ्या अँटेनाजवळच्या हातामुळे बदलते, कारण हात आणि अँटेना मिळून एक लहानसे कपॅसिटर तयार होते. आपल्याला ऐकू येतो तो या दोघांमधला फरक. समजा, स्थिर आंदोलक सेकंदाला २,८५,००० वेळा कंप पावतो आणि दुसरा २,८४,७९२ वेळा, तर उरलेले २०८ म्हणजे आत्याच्या काळी चारचा षड्ज. या आकड्यांकडे पाहिले की दोन गोष्टी लक्षात येतात. एक म्हणजे मूळ वारंवारतेत हजारातील एका भागाहूनही कमी बदल झाला तरी पूर्ण स्वर तयार होतो किंवा बिघडतो. दुसरी म्हणजे हाताइतकाच परिणाम खोलीतली प्रत्येक धातूची वस्तू आणि प्रत्येक माणूस करू शकतो. उजवा हात स्वर ठरवतो आणि डावा हात आडव्या वळशाच्या अँटेनावर आवाज कमी-जास्त करतो. हात वळशाजवळ नेला की शांतता, वर उचलला की नाद. गायिकेच्या श्वासाशी जुळवायचा तो हा डावा हात, हे आताच मनात पक्के करावे, कारण शिकणारे सगळे लक्ष उजव्या हाताकडे देतात.

खोली

वाद्याभोवती निदान तीन फूट मोकळी जागा असावी. लोखंडी कपाट, पलंगाची चौकट, माइकचा स्टँड, भिंतीलगत ठेवलेली सायकल, यांपैकी काहीही उभ्या अँटेनाच्या बाजूला नको. वाजवणाऱ्याने जमिनीवर चिकटपट्टीने पावलांच्या खुणा करून ठेवाव्यात, कारण तो स्वतःच त्या विद्युत मंडलाचा भाग असतो आणि एक पाऊल पुढे आले तरी सगळे सप्तक आखडते.

गायिकेची जागा हा वेगळा विषय आहे. ख्याल गायलेल्या माणसाचा हात गळ्याबरोबर चालतो, हे आपल्याला माहीत असते, पण थेरेमिनला ते माहीत नसते. पहिल्या बैठकीत आत्या माझ्यापासून चार फुटांवर बसली होती. तिने पंचमावरून तार षड्जाकडे मींड घेतली, हात सवयीने वर गेला आणि तिच्या हाताबरोबर माझा स्थिर धरलेला षड्जही वर सरकला. तिला वाटले मी मुद्दाम तिच्या मागे येतो आहे. तेव्हापासून ती सात फुटांवर, वळशाच्या अँटेनाच्या बाजूला आणि माझ्याकडे तोंड करून बसते. समोरासमोर बसणे आवश्यकच आहे, कारण तिचा श्वास मला दिसला पाहिजे.

नागपुरात ऋतू हाही खोलीचाच भाग आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि कूलरशिवाय खोलीत बसवत नाही. कूलर मात्र वाऱ्याचा घोंगाट, पंपाची घरघर आणि दमट हवा असे तीन उपद्रव घेऊन येतो. घोंगाट माइकमध्ये जातो आणि बदलत्या तापमानामुळे व ओलाव्यामुळे आंदोलक हळूहळू सरकतात. कूलर बंद केला तर पंधरा मिनिटांत खोली तापते आणि वाद्य दुसऱ्या दिशेने सरकू लागते. यावर मला सापडलेला उपाय एकच: उन्हाळ्यात ध्वनिमुद्रण पहाटे साडेचार ते साडेसहा या वेळेत करावे. वाद्य त्याआधी पंधरा-वीस मिनिटे चालू करून ठेवावे, मगच जुळवावे आणि दर अर्ध्या तासाने जुळवणी पुन्हा तपासावी. पावसाळ्यात ती आणखी वारंवार तपासावी लागते. जुळवताना ठरलेल्या खुणांवर उभे राहून उजवा हात खांद्याशी आणावा आणि तिथे वाद्याचा आवाज खोल जात जात थांबेल अशा बेताने स्वराचे बटण फिरवावे.

अर्थिंगकडे दुर्लक्ष करू नये. थेरेमिनला जमिनीचा आधार बहुधा ऑडिओ केबलच्या जाळीतून, पुढच्या यंत्राच्या तीन पिनी प्लगमार्फत मिळतो. लॅपटॉप बॅटरीवर आणि इंटरफेस (माइक व वाद्य संगणकाला जोडणारे यंत्र) लॅपटॉपवर चालत असेल तर तो आधारच नाहीसा होतो, डाव्या हाताचा प्रतिसाद ढिला पडतो आणि स्वरांमधली अंतरे बदलतात. वायर कुठेही खिळ्याला गुंडाळण्याचा प्रयोग करू नये. घराचे अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावे आणि अर्थ असलेले मिक्सर किंवा ॲम्प्लिफायर साखळीत ठेवावे. गावातल्या एका लहान सभागृहात अर्थिंगचा पत्ताच नव्हता. तिथे माझे वाद्य ५० हर्ट्झच्या गुणगुणीवर तरंगत राहिले आणि डावा हात वळशाला टेकला तरी आवाज बंद होईना. त्या दिवशी आत्या एकटीच गायली, आणि कार्यक्रम चांगला झाला.

षड्ज आणि त्याखालची जमीन

गळा ठरवेल तो षड्ज. थेरेमिनला कोणताही षड्ज चालतो, सिंथला (सिंथेसायझरला) एक बटण दाबून स्वर चढवता-उतरवता येतो. गळ्याला मात्र पर्याय नसतो. काळी चारच्या षड्जावर, म्हणजे २०७.६५ हर्ट्झवर, आमचे बहुतेक काम असते. खालच्या आधारासाठी एक सप्तक खालचा षड्ज आणि त्याचा पंचम घ्यावा, प्रत्येक स्वराला दोन आंदोलक द्यावेत आणि त्यांच्यात ४ ते ७ सेंटचा (सेंट म्हणजे कीबोर्डवरच्या शेजारच्या दोन स्वरांमधल्या अंतराचा शंभरावा भाग) फरक ठेवावा, म्हणजे तंबोऱ्याच्या जवारीसारखी किंचित हालचाल राहते. सिंथचा फिल्टर (ठरावीक ध्वनी गाळणारी सोय) वीस-वीस सेकंदांच्या फेऱ्यांत उघडत-मिटत ठेवावा. खरा तंबोरा उपलब्ध असेल तर तोच माइकवर घ्यावा आणि सिंथ त्याच्याखाली अगदी हलका ठेवावा.

आता एक बारीक पण निर्णायक मुद्दा. कीबोर्डच्या समान विभागणीत शुद्ध गंधार षड्जापासून ४०० सेंटांवर असतो, तर तंबोऱ्याशी मिळवून गायलेला गंधार सुमारे ३८६ सेंटांवर. काळी चारच्या षड्जावर कीबोर्डचा गंधार २६१.६ हर्ट्झ येतो आणि आत्याचा २५९.६. दोन हर्ट्झचा हा फरक म्हणजे सेकंदाला दोन विस्पंद. शाळेत भौतिकशास्त्राच्या तासाला दोन नादकाटे वाजवून दाखवतात तेच ते. पॅडमध्ये, म्हणजे सिंथच्या लांब धरलेल्या स्वरांच्या थरात, गंधार धरून ठेवला आणि आत्या त्यावर न्यास करू, म्हणजे येऊन थांबू लागली की आवाज ‘वँव-वँव’ करत थरथरतो. श्रोत्याला कारण कळत नाही, पण गायिका बेसूर झाली असे त्याला वाटते. त्यात थेरेमिनने तिसराच गंधार लावला तर विचारायलाच नको. म्हणून पॅडमध्ये गंधार घेऊच नये, फक्त षड्ज-पंचम ठेवावेत. किंवा सिंथमध्ये स्वरांची स्वतंत्र जुळवणी करता येत असेल तर गंधार १४ सेंटांनी उतरवावा.

पहिल्या रचनेसाठी मी दुर्गा सुचवतो. त्यात गंधारही नाही आणि निषादही नाही. रिषभ, मध्यम आणि पंचम हे स्वर कीबोर्डच्या स्वरांपासून दोन ते चार सेंटांच्याच अंतरावर असतात, त्यामुळे गळा, सिंथ आणि थेरेमिन यांचे भांडण धैवतापुरते उरते. मालकंस फार मोहक वाटेल, पण त्यात पंचम नाही हे विसरून षड्ज-पंचमाची तयार जमीन खाली अंथरणारे पुष्कळ आहेत. तिथे आधार षड्ज-मध्यमाचाच हवा.

पार्श्वभूमीसाठी वेगवेगळ्या लांबीचे लूप (पुन्हा पुन्हा वाजत राहणारे तुकडे) वापरण्याची युक्ती इंग्लिश संगीतकार ब्रायन ईनो यांनी १९७८ मध्ये टेपच्या तुकड्यांवर वापरली, ती आजही तितकीच उपयोगी आहे. १७, २३ आणि २९ सेकंदांचे तीन लूप एकाच वेळी सोडले तर तेच जुळणे पुन्हा यायला ११,३३९ सेकंद, म्हणजे तीन तासांहून अधिक वेळ लागतो. माझ्या तीन लुपांपैकी एक फुटाळा तलावाच्या काठावरच्या पाण्याचा आहे, एक तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेचा आणि एक ज्याच्यावर आतापर्यंत राग काढला त्या कूलरचा: वाळ्याच्या ताटीतून टपकणाऱ्या पाण्याचे थेंब, पंप चालू आणि पंखा बंद ठेवून, माइक एका विताच्या अंतरावर धरून घेतलेले.

ध्वनिमुद्रण

दोघांचे ध्वनिमुद्रण एकाच बैठकीत, पण स्वतंत्र ट्रॅकवर करावे. थेरेमिन थेट इंटरफेसच्या लाइन इनपुटमध्ये घ्यावे. गळ्यासाठी कंडेन्सर माइक १५ ते २० सेंटिमीटरवर, पुढे पॉप फिल्टर. ४८ व्होल्ट फँटम पुरवठा माइकच्याच चॅनलला द्यावा. नमुनादर ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट आणि शिखरे उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवावीत, म्हणजे तार सप्तकात गळा अचानक खुलला तरी फाटत नाही. दोन्ही ट्रॅक कोरडे, कोणत्याही परिणामाशिवाय साठवावेत.

हेडफोनमध्ये काय ऐकू यावे, हे मात्र दोघांसाठी वेगळे असते. गायिकेला थोडा रिव्हर्ब (मोठ्या वास्तूत घुमल्यासारखा परिणाम) दिला की ती मोकळी होते. वाजवणाऱ्याला तो देऊ नये, कारण रिव्हर्ब मागचा स्वर पुढच्या स्वरावर सांडतो आणि थेरेमिनवर कान हाच एकमेव पडदा असतो. विलंबाचेही तेच. संगणकाचा बफर (आवाज साठवून पुढे देण्याचा टप्पा) १०२४ नमुन्यांवर असेल तर नुसत्या त्यामुळे २१ मिलिसेकंदांचा उशीर होतो. हात स्वरावर पोहोचलेला असतो, पण कानाला ते अजून कळलेले नसते, म्हणून हात पुढे जातो आणि मग मागे येतो. बफर १२८ वर आणला की हा उशीर तीन मिलिसेकंदांच्याही आत येतो. इंटरफेसमध्ये थेट ऐकण्याची सोय असेल तर तीच वापरावी. मी कित्येक आठवडे स्वतःचा हात अस्थिर आहे असे समजून रियाज वाढवत होतो आणि चूक सेटिंगमध्ये होती, हे सांगायला आता हरकत नाही.

सोपवणूक

सगळ्या रीतीचा जीव या भागात आहे, म्हणून इथे थोडे थांबू.

आत्या पंचमावर ‘आ’ धरते. तिचा पंचम ३११.५ हर्ट्झचा. तिच्या स्वराच्या मध्यावर मी डावा हात अगदी थोडा उचलतो आणि त्याच पंचमाच्या किंचित खालून, ऐकू येईल-न येईल इतक्या हलक्या आवाजात आत शिरतो. मी दोन हर्ट्झ खाली असलो, म्हणजे साधारण ११ सेंट, तर सेकंदाला दोन विस्पंद ऐकू येतात. उजव्या हाताची बोटे उघडत मी त्यांच्यावर लक्ष ठेवतो: दोनाचा एक होतो, एकाचा अर्धा होतो, मग लाट इतकी लांब होते की ती थांबल्यासारखी वाटते. आता आम्ही एका स्वरावर आहोत. तिचा श्वास संपत येतो तसा तिचा आवाज तीन-चार सेकंदांत उतरतो आणि तितक्याच सेकंदांत माझा डावा हात वर जातो. नीट साधले तर गळा कुठे संपला आणि यंत्र कुठे सुरू झाले, हे ऐकणाऱ्याला सांगता येत नाही. आत्याला स्वतःलाच पहिल्यांदा ते साधलेले ऐकून आपण इतका लांब श्वास कधी धरला, असा प्रश्न पडला होता.

हे साधण्यासाठी गायिकेकडून एकच मदत हवी: सोडण्यापूर्वी ‘आ’वरून ‘ऊ’कडे वळणे. कारण असे की प्रत्येक स्वरवर्णाला घसा आणि तोंड मिळून ठरावीक वारंवारतांवर उठाव देतात; ‘आ’ उच्चारताना तो उठाव ७०० ते १,२०० हर्ट्झच्या पट्ट्यात येतो, ‘ई’ उच्चारताना वर दोन हजारांच्या पलीकडे एक ठळक उठाव असतो आणि ‘ऊ’ उच्चारताना वरचे सगळे मिटते. थेरेमिनला तोंड नाही. त्याचा मवाळ नाद ‘ऊ’च्या किंवा ओठ मिटून गुणगुणलेल्या ‘म्’च्या सर्वांत जवळ जातो. म्हणून ‘आ–ऊ’, किंवा ओंकाराचा शेवट, ही सोपवणुकीची नैसर्गिक वाट आहे. ‘ई’वर सोपवायचा प्रयत्न केला तर सांधा स्पष्ट दिसतो. थेरेमिनच्या बाजूने वरचे ध्वनी अडवणारा लो-पास फिल्टर सुरुवातीला १,२०० हर्ट्झवर ठेवावा आणि गळा निघून गेल्यावर दहा-बारा सेकंदांत हळूहळू उघडावा. मग वाद्य स्वतःच्या रंगात येते.

उलट दिशेची सोपवणूक, म्हणजे यंत्राकडून गळ्याकडे, सोपी असते, कारण गायिका कोणत्याही स्वराला सहज येऊन मिळते. मात्र ती आली की थेरेमिनने लगेच स्वर बदलू नये. दोन सेकंद तिथेच राहून, आवाज कमी करत, मग खाली मंद्रात जाऊन बसावे.

कंपाबद्दल माझे मत थोडे कडक आहे. थेरेमिन शिकणारा माणूस हात सतत हलवत राहतो, कारण सेकंदाला पाच-सहा वेळा हलणाऱ्या स्वराची चूक सरळ स्वराच्या चुकीइतकी टोचत नाही. क्लारा रॉकमोर (१९११–१९९८) या मूळच्या व्हायोलिनवादक. हवेत बोटे उघडत-मिटवत नेमका स्वर गाठण्याची पद्धत त्यांनी बसवली आणि त्यांच्या वादनातला कंप हा शोभेसाठी आहे, लपवण्यासाठी नाही, हे त्यांची जुनी ध्वनिमुद्रणे ऐकताना कळते. ख्यालाच्या सरळ लावलेल्या सुराशेजारी अखंड थरथरणारे थेरेमिन ठेवले की जुन्या भुताच्या सिनेमाची आठवण होते. दोघे एकत्र असताना कंप पूर्ण बंद. वाद्य एकटे असताना, आणि तोही स्वर स्थिर झाल्यावर, थोडासा. आंदोलन घ्यायचे असेल तर गायिका घेते त्याच संथ गतीने घ्यावे.

दोघांना एकाच वेळी वेगळे काही करायचे असेल तर सप्तक वेगळे ठेवावे. गळा मध्यात असताना थेरेमिन मंद्रात किंवा तारात जावे. मध्यातच राहायचे असेल तर सावलीसारखे, गळ्यापेक्षा ८ ते १० डेसिबल खाली. दोघांनी एकाच सप्तकात एकाच वेळी दोन वेगवेगळ्या मींडा घेऊ नयेत. हा नियम मोडून चांगले झालेले काही अजून माझ्या ऐकण्यात आलेले नाही.

काही थेरेमिनमध्ये स्वर आपोआप जवळच्या सुरावर ओढण्याची सोय असते. सरावाला ती उपयोगी पडते, पण इथे ती बंद ठेवावी. आणि गळ्यावरही स्वर सुधारणारे प्लगइन लावू नये. मींडेच्या पायऱ्या झाल्या की दोन्ही आवाजांना एकत्र आणणारी गोष्टच निघून जाते.

अवकाश

रिव्हर्ब एकच ठेवावा आणि दोघांना त्यातच पाठवावे, म्हणजे दोघे एका वास्तूत उभे असल्यासारखे वाटतात. विरण्याचा काळ ८ ते १० सेकंद, रिव्हर्बमधून २५० हर्ट्झखालचे आणि ६,००० हर्ट्झवरचे ध्वनी काढून टाकावेत. पुढे कोण आणि मागे कोण हे प्रतिध्वनीच्या आधीच्या विरामावर ठरते: गळ्याला ६० ते ८० मिलिसेकंदांचा विराम दिला तर तो श्रोत्याजवळ येतो, थेरेमिनला शून्य ते दहा दिला तर ते भिंतीजवळ सरकते. एका रिव्हर्बला दोन विराम देता येत नसतील तर रिव्हर्बचा स्वतःचा विराम शून्य ठेवून गळ्याच्या वाटेवर तेवढा साधा डिले (आवाज उशिरा देणारी सोय) टाकावा. सोपवणुकीच्या जागी हा फरक कमी करून दोघांना एका रांगेत आणावे. त्यासाठी थेरेमिनचा कोरडा भाग थोडा वाढवणे पुरते.

शब्द घ्यायचे असतील तर ‘स’, ‘श’ आणि ‘छ’ यांच्यापासून सावध राहावे. दहा सेकंदांच्या रिव्हर्बमध्ये एक ‘श’ गेला की मागे पत्र्यावर पाऊस पडल्यासारखा आवाज येत राहतो. डी-एसर (‘स’-‘श’ दाबणारे साधन) रिव्हर्बच्या आधी, पाठवणीच्या वाटेवर लावावा. नंतर लावून उपयोग नाही. शब्द स्पष्ट कळायला हवे असतील तर कोरड्या गळ्याच्या इशाऱ्यावर रिव्हर्ब दबेल असा कंप्रेसर रिव्हर्बच्या परतीवर ठेवावा: गळा बोलतो तेव्हा वास्तू मागे सरते, गळा थांबला की ती फुलते. थेरेमिनमधून २ ते ४ किलोहर्ट्झचा पट्टा दोन-तीन डेसिबलने उतरवावा; व्यंजनांची स्पष्टता बरीचशी तिथेच असते आणि तार सप्तकातले थेरेमिन टोचते तेही तिथेच.

डिलेच्या बाबतीत थेरेमिनची एक खोड ओळखून असावे. पियानोचा एक स्वर डिलेमध्ये टाकला तर तोच स्वर परत येतो. थेरेमिनची मींड टाकली तर मधल्या वाटेवरचा प्रत्येक बेसूर बिंदू परत परत येतो आणि पुढच्या मींडेवर चढतो. डिलेची पुनरावृत्ती ६०–७० टक्क्यांवर असेल तर अर्ध्या मिनिटात सगळे गढूळ होते. म्हणून डिलेची वाट एरवी बंद ठेवावी, स्वर स्थिर झाला की उघडावी आणि पुढची मींड सुरू होण्यापूर्वी मिटावी. पायाने चालवायचे पेडल असेल तर हे वाजवतानाच करता येते, फक्त पाय उचलताना शरीराचा तोल जाऊन स्वर हलणार नाही याचा वेगळा सराव करावा लागतो.

व्होकोडरचा मोह बहुतेकांना होतो. थेरेमिनचा नाद वाहक आणि गळा त्याला आकार देणारा, असे जोडले की यंत्र खरोखर शब्द उच्चारते. त्यासाठी थेरेमिनचा नाद भरपूर उपस्वरांचा, म्हणजे कर्कशच घ्यावा लागतो, कारण जे मुळात नाही त्याला आकार देता येत नाही. पूर्ण रचनेत एखाद्या ओळीपुरता हा प्रयोग ठेवावा. दुसऱ्यांदा वापरला की तो गंमत होतो.

शेवटच्या मिश्रणाची ध्वनिपातळी उणे १८ ते उणे १६ लफ्सच्या (LUFS, कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचे माप) दरम्यान ठेवली तर हलक्या जागा शाबूत राहतात. हेडफोनवर समाधान झाले की माझी तपासणी संपत नाही. नागपूरचा श्रोता वर्षातले चार महिने सगळे काही कूलरच्या आवाजातच ऐकतो, म्हणून मी दुपारी कूलर पूर्ण वेगावर लावतो, पलीकडच्या खोलीत मोबाइलच्या स्पीकरवर रचना चालू करतो आणि दारात उभा राहून ऐकतो. खालचा षड्ज तिथे नाहीसा होतो, हे अपेक्षितच आहे. त्याच्या वरच्या सप्तकातला जोडीदार दोन डेसिबलने वाढवला की जमीन परत जाणवते. सोपवणुकीच्या जागी भोक पडल्यासारखे वाटले तर थेरेमिनचा फिल्टर एखादा सेकंद लवकर उघडावा. आणि पंचमावरचा तो सांधा त्या गोंगाटातही न तुटता पार झाला, तर मिश्रण बंद करून फाइल आत्याकडे पाठवून द्यावी.